तुमची ट्यूब मांजराला लावू नका

मांजर कान खाजवून रक्त काढते, मानेवरचे केस विरळ होतात, पाठीवरून हात फिरवला तर बारीक खपल्या बोटांना लागतात. अशा वेळी घरातला हात सर्वांत आधी कुठे जातो? फ्रिजवरच्या त्या प्लास्टिकच्या डब्याकडे. त्यात तापाच्या गोळ्या असतात, खोकल्याची संपत आलेली बाटली असते आणि मागच्या पावसाळ्यात मेडिकलमधून आणलेली, अर्धी पिळलेली, शेपूट गुंडाळलेली ट्यूब असते. "माणसाला चालते, तर मांजराला का चालणार नाही?" असे म्हणत ती मांजराला चोपडली जाते.

चालत नाही. सांगायचे एवढेच आहे. पण नुसते "चालत नाही" म्हटल्याने कोणी ऐकत नाही, हा इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसचा अनुभव आहे, म्हणून कारणांसकट लिहितो.

मी माणसांचा डॉक्टर आहे. मांजरावर उपचार करण्याचा मला अधिकारही नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे आणि त्यानुसार जनावरांवर उपचार करण्याचे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचे आहे, एमडी झालेल्या फिजिशियनचे नाही. तरीही लिहितो आहे, कारण हा प्रश्न पशुवैद्यकाच्या टेबलावर जाण्याआधी माझ्या टेबलावर येतो. रुग्ण स्वतःचा नायटा दाखवतो, चिठ्ठी घेतो, उठतो आणि दारात थांबून विचारतो, "डॉक्टर, हीच ट्यूब आमच्या मांजरीला लावली तर?" विचारणारे बरे. न विचारता लावणारे कितीतरी जास्त आहेत. आणि मांजराला इजा करणारी बरीचशी औषधे माणसांच्या चिठ्ठीवरच घरात आलेली असतात.

आमचे बेलापूर म्हणजे नवी मुंबईतले नव्हे. प्रवरेकाठचे, श्रीरामपूर तालुक्यातले. (रेल्वेने आमचे नाव श्रीरामपूरच्या स्टेशनला देऊन ठेवले आहे, त्यामुळे बाहेरगावच्या पाहुण्यांचा घोळ ठरलेला.) उसाचा पट्टा, दारात गाय, घरात गव्हा-बाजरीची पोती, म्हणून उंदीर आणि उंदीर म्हणून मांजर. इथे मांजर विकत आणत नाहीत, ते येते आणि राहते. फुकट आलेल्या प्राण्यावर पैसे खर्च करायचे नाहीत, हा आपला हिशेब. त्या हिशेबात घरातली उरलेली ट्यूब अगदी फिट्ट बसते.

त्या ट्यूबमध्ये असते काय?

एकदा ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. नायट्यासाठी मेडिकलमधून मागून आणलेल्या मलमात बहुतेक वेळा तीन-चार औषधे एकत्र असतात: एक बुरशीनाशक, एक-दोन प्रतिजैविके आणि एक स्टेरॉइड. हे स्टेरॉइड अनेकदा क्लोबेटासोल असते, म्हणजे त्वचेला लावायच्या स्टेरॉइडांमधले सर्वांत जहाल. खाज दोन दिवसांत थांबते ती बुरशी मेली म्हणून नव्हे, तर स्टेरॉइडने शरीराची लढण्याची खूणच दाबून टाकली म्हणून. लाली जाते, खाज जाते आणि बुरशी शांतपणे पसरत राहते. ट्यूब थांबवली की दुप्पट जोराने वर येते. मग तीच ट्यूब परत.

या प्रकाराने देशाचे किती नुकसान केले, ते सांगण्यासारखे आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत नायटा हा आपल्याकडे साधा आजार राहिलेला नाही. पूर्वी दोन-चार आठवड्यांत आवरणारा नायटा आता महिनोन्‌महिने चालतो, घरातल्या पाचही जणांना होतो आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. यामागे जी बुरशी सापडली, तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. नावातच 'इंडो' आहे. अभिमान वाटावा असा हा बहुमान नव्हे. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने अशा मलमांविरुद्ध बरीच वर्षे आरडाओरडा केला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे अनुसूची 'एच'मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमेही होती. कागदावर सगळे झाले. आता तुमच्या गल्लीच्या टोकाच्या दुकानात जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणून पाहा.

तेव्हा मांजराचा मुद्दा येण्याआधीच पहिली गोष्ट ही, की ती ट्यूब तुमच्याही अंगाला लावायची नव्हती.

मांजराच्या बाबतीत तर ती आणखी वाईट. मांजराच्या अंगावरच्या जखमा बुरशीच्या असतील तर स्टेरॉइडने त्या पसरतील. खरजेच्या किड्यांच्या असतील तर किड्यांना काहीच होणार नाही, फक्त खाज काही दिवस दबेल आणि तेवढ्यात किडे वाढतील. पिसवांच्या असतील तर पिसवा अंगावर तशाच. म्हणजे एकाही कारणावर उपचार नाही, फक्त कारण झाकले गेले. पुढे पशुवैद्यकाकडे नेले तरी त्याला मूळ डाग कसा होता ते दिसत नाही.

आणि मांजर ते चाटणार आहे. हा मुद्दा लोकांच्या लक्षातच येत नाही. मांजर जागेपणीचा बराच मोठा वेळ अंग चाटण्यात घालवते. तिची जीभ किसणीसारखी असते, काटे आतल्या बाजूला वळलेले, त्यामुळे जे अंगावर आहे ते तोंडात आणि तोंडात आले ते पोटात. तुम्ही हाताला मलम लावता ते हातावर राहते. मांजराच्या पाठीला लावलेले मलम तासाभरात पोटात असते. "बाहेरून लावायचे, तोंडावाटे घेऊ नये" असे ट्यूबवर छापलेले असते, ते मांजराला कोण वाचून दाखवणार?

मांजर म्हणजे लहान माणूस नव्हे

माणसाच्या यकृतात औषधे निकामी करून बाहेर टाकण्याची एक मोठी व्यवस्था आहे. अनेक औषधांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ती पाण्यात विरघळणारी करायची आणि लघवीवाटे काढून टाकायची. मांजराच्या यकृतात ही व्यवस्था फार तोकडी आहे. पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ मांसावर जगलेल्या या प्राण्याला वनस्पतींमधली नाना रसायने पचवण्याची गरजच पडली नाही, म्हणून ती यंत्रणा गळून पडली, असे मानतात. कारण काहीही असो, परिणाम असा, की आपल्याला किरकोळ वाटणारी औषधे मांजराच्या शरीरात साचत जातात आणि विष बनतात.

पॅरासिटामॉल घ्या. जखमा चिघळल्या, मांजर तापले, खाईना, म्हणून कुणीतरी मायेने अर्धी गोळी दुधात देते किंवा नातवाच्या तापाचे सिरप चमच्याने पाजते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायचे बंद करते, हिरड्या गुलाबीच्या तपकिरी-निळसर होतात, तोंड सुजते, श्वास लागतो. माणसाच्या औषधांतले सर्वांत निरुपद्रवी म्हणून तुम्ही ज्याकडे पाहता, ते हे औषध.

दुसरे पर्मेथ्रिन. हे मला जास्त काळजीचे वाटते, कारण ते मी स्वतः लिहून देतो. माणसाच्या खरजेवर पाच टक्के पर्मेथ्रिनचे मलम हे चांगले औषध आहे. रात्री मानेपासून पायापर्यंत लावायचे, सकाळी आंघोळ, आठवड्याने पुन्हा. आणि आम्ही डॉक्टर आवर्जून सांगतो, "घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावा." आता ज्या घरात मांजर घरातलेच आहे, त्या घरात 'सगळे' म्हणजे कोण? म्हणून मी चिठ्ठीवर 'घरातील सर्व माणसांनी' असे लिहितो आणि तोंडीही सांगतो. मांजराला पर्मेथ्रिन पचत नाही. काही तासांत कान आणि कातडी थरथरू लागते, तोल जातो, मग झटके येतात आणि उपचार न मिळाल्यास मांजर दगावते. तुम्ही स्वतः मलम लावून झोपलात त्या रात्रीही मांजराला अंथरुणात घेऊ नका. ते तुमचे हात चाटते. खरजेचे जुने पांढरे लोशन, बेंझिल बेंझोएट, तेही मांजराला चालत नाही.

तिसरे आयव्हरमेक्टिन. करोनाच्या काळात ही गोळी घरोघरी पोचली आणि अजून डब्यांमध्ये उरलेली आहे. हिशेब साधा आहे. साठ किलोच्या माणसाला खरजेसाठी बारा मिलिग्रॅमची एक गोळी. तीन किलोच्या मांजराला तीच गोळी दिली, तर किलोमागे वीसपट डोस झाला. पशुवैद्यक हे औषध मांजराला वापरतात, पण वजन करून, थेंबांच्या मापाने. गोळीचा तुकडा नखाने मोडून तसले माप होत नाही, पिल्लाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

एका प्राण्याला चालणारे औषध दुसऱ्याला चालेल हा समज किती महाग पडतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या डोक्यावरच्या आकाशात आहे, किंवा आता नाही. ज्यांचे बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेले, त्यांनी मेलेल्या जनावराभोवती जमलेली गिधाडे पाहिली असतील. नव्वदच्या दशकापासून त्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घसरली. कारण सापडले २००४ च्या सुमारास: डायक्लोफेनॅक. तेच, जे तुम्ही कंबरदुखीला घेता. ते गाईला देत, गाईला त्याचा त्रास नव्हता. पण औषध दिलेली गाय मेली आणि तिचे मांस गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडे. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग लोकांनी काय केले? माणसांच्या इंजेक्शनची मोठी बाटली आणून तीच जनावरांना टोचली. शेवटी २०१५ मध्ये सरकारला माणसांच्या इंजेक्शनची बाटलीच तीन मिलिलिटरची करावी लागली. माणूस ठीक, गाय ठीक, गिधाड मेले. औषध एकच.

गोठ्यातली बाटली आणि इतर करामती

आमच्या भागात ट्यूबच्या खालोखाल धोका गोठ्यातून येतो. गाई-म्हशींच्या गोचिडांवर फवारायची सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ ही औषधे शेतकऱ्याच्या घरी असतातच. गोचीड जाते तर पिसू का जाणार नाही, म्हणून त्याच फडक्याने मांजरही पुसले जाते. पहिली दोन पर्मेथ्रिनची भावंडेच आहेत. तिसरे वेगळ्या जातीचे, पण मांजराला तेही झेपत नाही. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे पिसवांचे थेंब आणि कुत्र्याचे पट्टे यांचीही तीच गत. पाकिटावर कुत्र्याचे चित्र असेल तर ते फक्त कुत्र्यासाठी आहे. कुत्र्याला असे थेंब टाकल्यावर मांजराला एक-दोन दिवस त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

घरगुती उपायांबद्दल लिहायला बसलो तर लेख संपायचा नाही. रॉकेल, लूत लागलेल्या कुत्र्याला फासतात ते गाडीचे जळके ऑइल, फिनेल, डेटॉलचे पाणी, कापूर घातलेले खोबरेल. डेटॉलसारख्या जंतुनाशकातले आणि फिनेलमधले घटक मांजराच्या यकृताला पेलत नाहीत. कापूर विषारी. रॉकेल चाटताना फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया. गंधकाबद्दल मात्र एक कबूल करतो: चुना आणि गंधकाचे द्रावण हे मांजराच्या नायट्यावर आणि खरजेवर जगभर वापरले जाणारे औषध आहे, म्हणजे आजीबाईंचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. पण ते ठरावीक प्रमाणात पातळ केलेले असते. किराणा दुकानातली गंधकाची पूड तेलात कालवून लावणे म्हणजे ते नव्हे.

आधी पाहा, मग धावा

'मांजराला खाज' हा आजार नाही, ते लक्षण आहे. पोटदुखीची एक गोळी नसते, तशी खाजेची एक ट्यूब नसते. कुठे खाजवते, कुठे केस गेले आणि खपली कशी आहे, एवढे नीट पाहिले तरी पशुवैद्यकाचे अर्धे काम होते.

सर्वांत जास्त वेळा कारण पिसवा असते. खाज शेपटीच्या मुळाशी आणि पाठीच्या मागच्या भागावर, आणि केसांखाली बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या. "आमच्या मांजराच्या अंगावर एकही पिसू नाही" असे लोक शपथेवर सांगतात. मांजर पिसवा चाटून खाऊन टाकते, म्हणून दिसत नाहीत. उवांच्या बारीक फणीने पाठीवरचे केस विंचरा, निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. माती असेल तर रंग सुटत नाही. पिसवांची अ‍ॅलर्जी असलेल्या मांजराला थोडेसे चावेही पुरतात. आणि मांजरावर दिसणारी प्रौढ पिसू ही घरातल्या एकूण पसाऱ्याचा साधारण विसावा हिस्सा असते. बाकी अंडी, अळ्या आणि कोष गोधडीत, गोणपाटात, फरशीच्या फटीत, पोत्यांच्या थप्पीखाली. मांजर जिथे झोपते ते कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकणे आणि कोपरे रोज झाडणे, हे सलग दोन-तीन महिने केले नाही तर कुठलेही औषध हरते.

कानातून कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ निघत असेल आणि मांजर सारखे डोके झटकत असेल, तर कानातले किडे. कानाच्या कडेपासून सुरू होऊन कपाळ, डोळ्यांभोवती आणि मानेवर जाड राखाडी खपल्या चढत असतील, तर मांजराची खरूज. खाज इतकी भयंकर, की मांजर स्वतःला फाडते. गोल टक्कल, तुटलेले केस, राखेसारखा कोंडा आणि विशेषतः पिल्लू असेल तर नायटा. त्यात खाज कमी किंवा मुळीच नसते. भांडखोर बोक्याच्या गालावर किंवा शेपटीच्या मुळाशी गरम, दुखरी सूज म्हणजे दुसऱ्या बोक्याच्या दाताने झालेले गळू. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकाला किंवा नाकावर न भरणारा व्रण असेल तर दिवस घालवू नका, उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग तसाच सुरू होतो. अन्नाची अ‍ॅलर्जीही असते, पण ती पिसवा आणि किडे वगळल्यावर शोधायची.

हे सगळे एकमेकांसारखे दिसू शकते, म्हणून कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, केस तपासणे हे करावेच लागते. त्यानंतरचा उपचार अनेकदा फार सोपा निघतो. पिसवा आणि किडे दोन्हींसाठी मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, वजनाप्रमाणे टाकायचे थेंब मिळतात.

तोवर घरी काय करावे? उकळून गार केलेल्या पाण्यात किंचित मीठ घालून जखम हलकेच पुसावी. मागच्या पायांची नखे टोकाला कापावीत. गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालावी, म्हणजे चाटणे आणि खाजवणे थांबते. दुकानात नसेल तर जाड पुठ्ठ्याचीही होते. याहून जास्त काही नको.

"मांजरासाठी कोण दवाखान्यात जाणार?"

हा प्रश्न विचारला जातो तेव्हा आवाजात थोडी चेष्टा असते. मी उलट हिशेब मांडतो. मांजराच्या अंगावर बुरशी असेल तर ती मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची, आणि ती माणसाला लागते. मुलांना आधी, कारण मुले मांजराला गालाशी धरतात. लहान मुलाच्या डोक्यात हा नायटा गेला की मलमाने जात नाही, कित्येक आठवडे गोळ्या द्याव्या लागतात. गळलेल्या केसांवरचे बीजाणू घरात अनेक महिने जिवंत राहतात. पशुवैद्यकाकडची एक फेरी वाचवून तुम्ही माझ्याकडच्या दहा फेऱ्या ओढवून घेता. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना प्रामुख्याने गाई-म्हशींसाठी असला तरी तिथला डॉक्टर मांजराकडे पाहायला नकार देत नाही. १९६२ हा पशुसंवर्धनाचा निःशुल्क क्रमांकही आहे, त्यावर निदान जवळ कोण आहे ते विचारता येते. आणि फोनने चांगल्या उजेडात काढलेले डागांचे फोटो आधी दाखवले तर पुढची धावपळ कमी होते.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. घरात कुणालाही नायटा झाला की सगळी बोटे मांजराकडे वळतात आणि बिचाऱ्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतात. थांबा. जांघेत, कमरेला, काखेत, नाडीच्या रेषेत नायटा असेल तर तो मांजराने दिलेला असण्याची शक्यता फार कमी. तो माणसाकडून माणसाला, एकाच टॉवेलने, एकत्र धुतलेल्या कपड्यांनी, घट्ट जीन्सने आणि त्या ट्यूबने आलेला आहे. मांजराचा नायटा येतो जिथे मांजर अंगाला लागते तिथे: हाताची आतली बाजू, मान, गाल, छाती. घोट्यांभोवती पुंजक्यांनी उठलेले लाल दाणे पिसवांचे. मांजराच्या खरजेचे किडे माणसाला चावतात, खाज येते, पण माणसाच्या कातडीत त्यांचे कुटुंब वाढत नाही. मांजर बरे झाले की आपली खाजही जाते. रात्री बोटांच्या बेचक्यात असह्य खाज आणि घरात सगळ्यांना, ही माणसाची स्वतःची खरूज. तिचा मांजराशी संबंध नाही. मांजर नदीपलीकडे सोडले तरी ती घरातच राहते.

इथे माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगायचे आहे. नायट्याच्या रुग्णाला "घरात मांजर आहे का, त्याला डाग आहेत का?" हे विचारायला दहा सेकंद लागतात. ओपीडीत गर्दी असते हे मला कोणी सांगायला नको, पण हा प्रश्न न विचारता मिश्र मलम लिहून देणारी चिठ्ठी मी आठवड्यातून एकदा तरी पाहतोच. रुग्णांनीही डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये. मधुमेह, केमोथेरपी, प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या असे काही चालू असेल तर डाग असलेल्या मांजराला हाताळण्याचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाने करावे.

दुखणाऱ्या मांजराला पकडताना ते बोचकारते, चावते. आपल्याकडे याला फार कमी लेखतात. रेबीज म्हणजे कुत्रा, असे डोक्यात बसलेले आहे. मांजरालाही रेबीज होतो आणि त्याच्या चाव्यातून, रक्त येणाऱ्या ओरखड्यातूनही तो माणसाला होऊ शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. मिरची, हळद, चुना काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा, लस तिथे मोफत असते. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन लागेल का, ते तिथेच विचारा. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून धरले तर बहुतेक वेळा हा प्रसंगच येत नाही.

आता हे वाचेपर्यंत कुणी मांजराला काही लावून बसले असेल, तर त्यांच्यासाठी. नुसती खाजेची ट्यूब लावली असेल आणि मांजर ठीक असेल, तर कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या थोड्या पातळ साबणाने ती जागा धुऊन काढा, कोरडे करा, चाटू देऊ नका आणि ट्यूब परत लावू नका. पर्मेथ्रिन किंवा गोठ्यातले औषध लागले असेल तर सगळे अंग तसेच धुवा, अंगाला ऊब द्या आणि थरथर सुरू होण्याची वाट न पाहता निघा. पाणी फार गरम नको, गरम पाण्याने कातडीतून औषध जास्त आत जाते. तोंडात बोट घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. पॅरासिटामॉल पोटात गेले असेल तर मांजर ठणठणीत दिसत असले तरी लगेच निघा. त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच नीट काम करतो. आणि जाताना ती ट्यूब, गोळीची पट्टी किंवा गोठ्यातली बाटली सोबत न्या. "पांढऱ्या रंगाचे काहीतरी होते" एवढ्यावर कुठल्याही डॉक्टरला, माणसांच्या किंवा जनावरांच्या, काही करता येत नाही.